टॅब गायब झाले? आधी ब्राउझर बंद करायचं थांबा

ब्राउझर उघडला आणि काल रात्री उघडे ठेवलेले सगळे टॅब गायब, समोर नुसतं कोरं पान, असं झालं की माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर ब्राउझर बंद करून परत उघडतो. तरी नाही आले म्हणून परत एकदा. मग कॉम्प्युटरच रीस्टार्ट. मला आज लिहायचंय ते मुख्यतः याचसाठी, की प्लीज हे करू नका. टॅब गेल्यासारखे दिसतात तेव्हा बरेचदा ते डिस्कवर अजून शाबूत असतात, आणि खरोखर पुसले जातात ते या नंतरच्या बंद-चालूच्या खेळात.

मी फायरफॉक्सबद्दल लिहितोय, कारण वर्षानुवर्षं तोच वापरतो आणि नात्यातल्या बऱ्याच जणांच्या मशीनवर मीच टाकून दिलाय, त्यामुळे काही बिनसलं की फोन मलाच येतो. क्रोमचं थोडं वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी दोन शब्द.

तर ब्राउझर उघडाच राहू दे. ऑल्ट दाबून वरचा मेनू आणा, हिस्टरीत जा, तिथे 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' असं असतं (सेशन म्हणजे त्या वेळी उघडे असलेले सगळे टॅब आणि खिडक्या), ते दाबता येत असेल तर दाबा आणि चहा प्या, काम झालं. त्याच्याच आसपास 'रीसेंटली क्लोज्ड विंडोज' असतं, तेही बघा, त्यात आख्खी खिडकीच्या खिडकी सापडते कधी कधी. हे दोन्ही करड्या रंगात असेल, दाबताच येत नसेल, तर पुढचं वाचा.

ॲड्रेस बारमध्ये अबाउट:सपोर्ट टाइप करा, (आधी अबाउट, मग कोलन, मग सपोर्ट, मध्ये जागा नाही, अर्थात इंग्रजीत). एक लांबलचक टेबल येईल, त्यात 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आणि शेजारी 'ओपन फोल्डर'चं बटण. ते दाबलं की तुमच्या फायरफॉक्सचा सगळा संसार ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडतो. त्यात 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचा फोल्डर शोधा. तो आख्खा उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. बाहेर सेशनस्टोअर नावाची फाइल दिसली तर तीही. एवढं झालं की मग निवांत व्हा, आता काहीही चुकलं तरी मूळ माल तुमच्याकडे आहे.

आता हे एवढं कळकळीनं का सांगतोय, ते त्या फायलींचं वागणं कळलं की लक्षात येईल. फायरफॉक्स चालू असताना दर १५ सेकंदांनी तुमचे सगळे टॅब एका 'रिकव्हरी' नावाच्या फायलीत लिहून ठेवतो, आणि त्याआधीची प्रत 'रिकव्हरी-बॅक' म्हणून बाजूला राहते. (तुम्ही जागेवरून उठून गेलात, माउस-कीबोर्डला हात नाही, तर मग तो तासातून एकदाच लिहितो.) ब्राउझर नीट बंद केला की शेवटची स्थिती 'सेशनस्टोअर' या फायलीत जाते, प्रोफाइल फोल्डरमध्ये, बाहेर. पुढच्या वेळी उघडलात की ती फाइल वाचली जाते आणि मग बॅकअप्स फोल्डरमध्ये 'प्रीव्हियस' या नावानं जाऊन बसते. म्हणजे बघा, तुम्ही ब्राउझर उघडला, कोरं पान आलं, या क्षणाला तुमचे कालचे टॅब प्रीव्हियस फायलीत असण्याची चांगली शक्यता आहे. आता तुम्ही बंद केलात, तर ते कोरं पान सेशनस्टोअर म्हणून लिहिलं गेलं. परत उघडलात, तर ते कोरं पान प्रीव्हियसच्या जागी येऊन बसलं आणि कालचं काम त्याच्याखाली गाडलं गेलं. दोनच स्टेप. म्हणून म्हणतोय.

शिवाय त्या फोल्डरमध्ये 'अपग्रेड' या नावाच्या आणि पुढे लांबलचक आकडा असलेल्या फायली असतात. फायरफॉक्स नवीन व्हर्जनवर गेला की त्या वेळचे टॅब तो असे जपून ठेवतो, शेवटच्या तीन फायली राहतात. पुढचा आकडा म्हणजे त्या व्हर्जनच्या बिल्डची तारीख-वेळ असते, साल-महिना-दिवस असा सलग लिहिलेला. नवीन व्हर्जन साधारण चार आठवड्यांनी येतं, त्यामुळे अपडेट चालू असतील तर सगळ्यात ताजी अपग्रेड फाइल महिनाभरापेक्षा फार जुनी नसते. या फायलींकडे कोणी बघतच नाही. माझ्या मावशीचं काम वाचलं ते यातल्याच एकीमुळे.

मावशी वाईला असते. शाळेतून रिटायर झाल्यावर तिनं तिच्या माहेरच्या गावाचा इतिहास लिहायला घेतला, आणि तो ती ज्या चिकाटीनं करते ते बघून मला खरंच भारी वाटतं. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या गॅझेटियरचे स्कॅन असतात, त्यातलं एकेक पान एकेका टॅबमध्ये, मराठी विश्वकोशातल्या नोंदी, विकिस्रोतावरची पुस्तकं, सातबाऱ्याची साइट, नकाशे, असं सगळं ओळीनं उघडं. दोन खिडक्या, एकीत वाचायचं आणि दुसरीत वाचून झालेलं पण अजून वहीत उतरवायचं राहिलेलं. आणि एक दिवस तिचा फोन.

"अरे, माझी सगळी पानं गेली रे. रोज जातायत. मला वाटलं मीच काहीतरी दाबतेय."

"तू काही नाही दाबत मावशी. आत्ता ब्राउझर उघडाय का बंद?"

"उघडाय. पण कोराय."

"तसाच राहू दे. लॅपटॉपही बंद करू नको, नुसता झाकून ठेव. मी शनिवारी येतो."

"रोज जातायत" हा शब्द महत्त्वाचा होता. एकदाच गेले तर तो अपघात असतो, लाइट गेली, बॅटरी संपली, क्रॅश झाला, काहीही. रोज जातात याचा अर्थ कोणीतरी ते रोज नेमानं पुसतंय, आणि जोवर तो कोण ते सापडत नाही तोवर टॅब परत आणूनही उपयोग नाही, उद्या परत जाणार.

इथे एक सांगतो, हा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात "एवढे टॅब ठेवायचेच कशाला, बुकमार्क करायचं ना". मला हे अजिबात पटत नाही. ज्याचं ब्राउझरमध्ये काम चालतं त्याचे टॅब म्हणजे टेबलावर पसरलेली पुस्तकं आहेत, कुठलं उघडं आहे, कुठल्याच्या शेजारी कुठलं आहे, यातसुद्धा विचार असतो. आणि तांत्रिक बाजूनंही बुकमार्कमध्ये ते सगळं बसत नाही. सेशनच्या फायलीत प्रत्येक टॅबसाठी फक्त पत्ता नसतो, त्या टॅबमध्ये तुम्ही कुठून कुठे गेलात ती आख्खी साखळी असते, म्हणजे बॅक बटण दाबलं की मागे जाता येतं ते त्यामुळेच. पान किती खाली सरकवलं होतं ते असतं, अर्धवट भरलेला फॉर्म असतो, पिन केलेले टॅब, आत्ताच बंद केलेले टॅब, खिडक्या किती आणि कुठली कुठे. हे सगळं बुकमार्कवाल्यांना कसं समजवायचं मला कळत नाही.

वाईला गेल्यावर आधी ते बॅकअप्स फोल्डर उघडलं. त्यात काय होतं, तर रिकव्हरी फाइल, काही केबीची, म्हणजे कोऱ्या पानाचीच. प्रीव्हियस नव्हतीच. ही गोष्ट खटकण्यासारखी होती, कारण रोज वापरात असलेल्या फायरफॉक्समध्ये प्रीव्हियस नसणं म्हणजे मागच्या वेळची सेशनस्टोअर फाइल वाचायला मिळालीच नाही, किंवा कोणीतरी दोन्ही उडवल्या. आणि खाली अपग्रेड फायली, त्यातली सगळ्यात ताजी चांगली एक एमबीच्या पुढची. साइज हीच इथे सगळ्यात मोठी खूण असते हे लक्षात ठेवा. फाइल उघडून बघता नाही आली तरी साइज बघा, पाच-दहा केबीच्या फायलीत दोन खिडक्यांचं काम मावूच शकत नाही, आणि मोठी फाइल दिसली की समजायचं माल इथे आहे.

ती कॉपी करून घेतली आणि मग लगेच टॅब परत न आणता आधी चोर शोधायला बसलो.

सेटिंग्जमध्ये 'ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज'ला टिक होतीच, मीच करून दिली होती. ही टिक नसेल तर आधी तीच करा. त्यानंतर प्रायव्हसीच्या पानावर हिस्टरीचं सेटिंग. तिथे दोन गोष्टी सेशनच्या मुळावर येतात. एक म्हणजे 'नेव्हर रिमेंबर हिस्टरी' किंवा कायम प्रायव्हेट मोड, त्यात सेशन जपलं जातच नाही. दुसरं म्हणजे 'क्लिअर हिस्टरी व्हेन फायरफॉक्स क्लोजेस', ब्राउझर बंद करताना हिस्टरी पूस असं सांगितलंत की टॅबही गेलेच समजा. खूप जणांचं इथेच असतं, कुठल्यातरी व्हिडिओत बघून प्रायव्हसीसाठी टिक केलेली असते आणि सहा महिन्यांनी ते आठवत नाही. मावशीचं दोन्ही ठीक होतं.

मग एक साधी टेस्ट केली, आणि तुम्हाला या पोस्टमधलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही टेस्ट ठेवा. पाच-सहा टॅब उघडले. मेनूतून 'एक्झिट' करून फायरफॉक्स नीट बंद केला. मग प्रोफाइल फोल्डरमध्ये जाऊन बघितलं, सेशनस्टोअर फाइल आहे का, तर आहे, वेळ आत्ताची, साइजही बरोबर. म्हणजे फायरफॉक्सनं त्याचं काम चोख केलं होतं. आता कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि फायरफॉक्स न उघडता परत त्याच फोल्डरमध्ये गेलो (विंडोजमध्ये रन उघडून टक्के-चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहिलं की थेट तिथे जाता येतं, मग मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स). फाइल नव्हती. ब्राउझर उघडलाही नव्हता आणि फाइल गायब, आणि बॅकअप्समधल्या रिकव्हरी आणि प्रीव्हियस फायलीपण गायब, फक्त त्या शेपूटवाल्या अपग्रेड फायली जागेवर.

म्हणजे प्रश्न ब्राउझरचा नव्हताच. तो बंद असताना, विंडोज सुरू होताना, दुसरंच कोणीतरी येऊन फायली उडवत होतं.

"मावशी, लॅपटॉप मध्ये कोणाला दिला होतास का?"

"हो, तो स्लो झालेला म्हणून बाजारातल्या दुकानात दिला होता. त्या पोरानं छान फास्ट करून दिला की."

टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप ॲप्स' बघितले. एक सफाईवालं सॉफ्टवेअर तिथे बसलेलं, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप कचरा साफ करायला सेट केलेलं. ते उघडलं, त्यात ब्राउझरचा एक विभाग, त्यात ओळीनं टिका: कॅश, डाउनलोडची यादी, आणि त्यात 'सेशन'. बस. ती एक टिक. त्या मुलाचा काही वाईट हेतू नसणार, सगळ्या गिऱ्हाइकांना तो हेच टाकून देत असणार आणि बहुतेकांना कधी कळतही नसेल. पण मला राग येतो तो या असल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा, माणसाच्या अर्धवट राहिलेल्या कामाला ते टेंपररी फायलींच्या ढिगात टाकतात आणि न विचारता पुसतात, आणि मोबदल्यात वाचतात किती, तर एक-दीड एमबी. मी ती टिक काढली नाही, ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं. विंडोजमध्ये स्टोरेजची स्वतःची सफाई असते, घरच्या वापराला ती पुरते.

आता टॅब परत आणायचं काम. फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा, टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्यायचं की मागे कुठे चालू राहिलेला नाही, कारण चालू असताना फाइल बदललीत तर बंद होताना तो स्वतःची फाइल वरून लिहून टाकेल. मग प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे बॅकअप्सच्या बाहेर, जी सेशनस्टोअर फाइल असेल ती दुसरीकडे हलवायची. आपण जपून ठेवलेली मोठी फाइल तिथे कॉपी करायची आणि तिचं नाव बदलून बरोब्बर सेशनस्टोअर, पुढे डॉट, पुढे जेसनएलझेड४ (इंग्रजीत sessionstore.jsonlz4) असं करायचं. इथे एक अडचण येते, विंडोज फायलींची शेपटं लपवून ठेवतो, त्यामुळे आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू करा. अपग्रेड फायलीचं नाव तर आणखी घोटाळ्याचं असतं कारण जेसनएलझेड४ च्या पुढे डॅश आणि तो लांब आकडा असतो, तो सगळा काढायचा. 'एक्स्टेंशन बदललं तर फाइल चालणार नाही' असा इशारा येईल, येऊ दे, येस म्हणा.

मग फायरफॉक्स उघडला. दोन्ही खिडक्या आल्या. टॅबवर नावं दिसायला लागली पण पानं लगेच लोड होत नाहीत, ज्या टॅबवर क्लिक कराल तोच लोड होतो, हे मुद्दामच तसं असतं नाहीतर जुना लॅपटॉप बसला असता. मावशीनं गॅझेटियरच्या एका टॅबवर क्लिक केलं, स्कॅनचं तेच पान उघडलं जिथे ती थांबली होती, कारण आर्काइव्हच्या वाचकात पान उलटलं की पत्त्यातला पान क्रमांकही बदलतो आणि सेशनमध्ये तो शेवटचा पत्ता असतो. तिनं बॅक दाबलं, आधीचं पान आलं. अजून एकदा बॅक, सर्चचा निकाल आला, ज्यातून तिला ते पुस्तक सापडलं होतं. "हे कसं काय शोधलं होतं मी हे मला आठवतच नव्हतं," म्हणाली. मग बराच वेळ ती एकेक टॅब उघडून बघत होती आणि मी शेजारी बसून होतो.

ती फाइल काही आठवड्यांपूर्वीची होती, त्यामुळे मधले काही टॅब त्यात नव्हते. ते हिस्टरीतून काढले. कंट्रोल शिफ्ट एच दाबलं की हिस्टरीची मोठी खिडकी उघडते, त्यात तारखेनुसार सगळं असतं आणि हिस्टरी पूर्ण वेगळ्या डेटाबेस फायलीत असते, सेशन गेलं म्हणून ती जात नाही. त्या सफाईवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टरीला टिक नव्हती हे नशीब.

ज्यांना टॅब परत न आणता नुसतं फायलीत काय आहे ते बघायचंय त्यांच्यासाठी: ती फाइल आतून साधी जेसनच, म्हणजे वाचता येईल असा मजकूरच असते, पण मोझिलानं ती एलझेड४ नं दाबलेली असते आणि सुरुवातीला स्वतःचे आठ बाइट्स लावलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या झिप-बिपनं ती उघडत नाही. पायथन येत असेल तर पहिले आठ बाइट्स सोडून बाकीचं एलझेड४ लायब्ररीच्या ब्लॉक डीकंप्रेसला द्यायचं, की समोर विंडोज, त्यात टॅब्ज, त्यात एंट्रीज, त्यात पत्ते आणि नावं, सगळं वाचता येतं. २०१७ मध्ये व्हर्जन ५६ पासून हे असं दाबून ठेवायला लागले, त्याआधी उघडी फाइल असायची, नोटपॅडमध्येसुद्धा वाचता यायची, तेव्हाचे जुने लेख वाचून कोणी डॉट जेएस फाइल शोधत बसेल तर सापडणार नाही.

मावशीचा चोर बाहेरचा निघाला, पण सगळ्यांचा तसा नसतो, म्हणून आणखी काही ठिकाणं सांगतो.

दोन खिडक्या असतील तर बंद कशा करता ते बघा. मोठी कामाची खिडकी आधी फुलीवर क्लिक करून बंद केली, मागे एक छोटी खिडकी राहिली होती ती नंतर बंद केली, तर पुढच्या वेळी ती छोटीच परत येते, कारण फायरफॉक्सच्या दृष्टीनं शेवटी तीच उघडी होती. मोठी गेलेली नसते, ती 'रीसेंटली क्लोज्ड विंडोज'मध्ये असते, कंट्रोल शिफ्ट एन नं परत येते. पण रोजची सवय म्हणून फुल्या मारण्यापेक्षा मेनूतून एक्झिट किंवा विंडोजवर कंट्रोल शिफ्ट क्यू, म्हणजे सगळ्या खिडक्या एकदम बंद होतात आणि एकदम परत येतात.

कधी कधी टॅबच नाही तर बुकमार्क, पासवर्ड, सगळंच नवं कोरं दिसतं. तेव्हा सेशन शोधत बसू नका, तुम्ही दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये आहात. अबाउट:प्रोफाइल्स उघडा, सगळ्या प्रोफाइलची यादी येते, जुनं शोधून 'सेट ॲज डीफॉल्ट' करा. २०१९ मध्ये व्हर्जन ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल मिळायला लागलं, त्यामुळे दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या चॅनेलचा (म्हणजे बीटा वगैरे) फायरफॉक्स टाकला की हे होतं. उबुंटूवाल्यांना हेच २०२२ च्या व्हर्जनपासून भेटतं, तिथे फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचा स्वतःचा पॅकेजचा प्रकार) म्हणून येतो आणि त्याचं प्रोफाइल होम फोल्डरमधल्या स्नॅपच्या आत असतं, पूर्वीच्या डॉट-मोझिला फोल्डरमध्ये नाही, तेव्हा तुम्ही एकातून दुसऱ्यावर गेलात तर जुना माल जुन्याच जागी पडून असतो. आणि कधी 'रिफ्रेश फायरफॉक्स' केलं असेल तर डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' असा फोल्डर असतो, तो लोक अडगळ समजून डिलीट करतात, करू नका.

लागोपाठ क्रॅश झाला तर फायरफॉक्स आपणहून टॅब आणत नाही, एक पान दाखवतो ज्यात खिडक्या आणि टॅबची टिकांसकट यादी असते. हे फार शहाणपणाचं आहे, कारण एखादं पानच क्रॅश करत असेल तर तेवढी टिक काढून बाकीचे आणता येतात. पण घाईत 'स्टार्ट न्यू सेशन' दाबलं जातं. दाबलं गेलंच तर घाबरू नका, हिस्टरी मेनूतलं रिस्टोअर बघा, नाहीतर वरचं फोल्डर.

आणि ज्यांचे टॅब राहतात पण प्रत्येक साइटवर लॉगआउट झालेलं असतं, त्यांचा प्रश्न वेगळा. ते कुकीजचं आहे. सेटिंग्जमध्ये 'डिलीट कुकीज अँड साइट डेटा व्हेन फायरफॉक्स इज क्लोज्ड' ही टिक बघा, ठेवायचीच असेल तर शेजारच्या एक्सेप्शन्समध्ये रोजच्या साइट्स घाला. बँकेची साइट मात्र काहीही केलं तरी थोड्या वेळानं बाहेर काढणारच, ते त्यांच्या सर्व्हरवर ठरलेलं असतं आणि तसंच असलेलं बरं.

मावशीच्या मशीनवर नंतर काय लावून दिलं, तर 'टॅब सेशन मॅनेजर' नावाचं ॲडऑन, ते ठरावीक वेळानं सेशन स्वतःकडे वेगळं साठवतं, नाव देऊन ठेवता येतं आणि फाइल म्हणून बाहेरही काढता येतं. पण ॲडऑनचा डेटाही शेवटी त्याच प्रोफाइल फोल्डरमध्ये असतो, प्रोफाइल गेलं तर तोही गेला, म्हणून महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर. आठवड्याला कंट्रोल शिफ्ट डी, म्हणजे खिडकीतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये, तारखेचं नाव देऊन. साखळी जाते त्यात, पण पत्ते तरी राहतात. फायरफॉक्स सिंकवर विसंबू नका, ते एका मशीनवरचे टॅब दुसऱ्यावर दाखवण्यासाठी आहे, बॅकअप म्हणून बनवलेलंच नाही, इथे टॅब गेले की थोड्या वेळानं तिथल्या यादीतूनही जातात.

आता क्रोम. सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप'खाली 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा. टॅब गेलेच तर कंट्रोल शिफ्ट टी, ते तिथे आख्खी खिडकीसुद्धा परत आणतं, आणि हिस्टरीच्या मेनूत आत्ताच बंद केलेल्यांच्या यादीत 'इतके टॅब्ज' असं आकड्यासकट लिहिलेलं येतं ते बघा. फायली विंडोजवर लोकल ॲपडेटामध्ये गूगल, क्रोम, युजर डेटा, डीफॉल्ट, सेशन्स या वाटेनं सापडतात, सेशन आणि टॅब्ज नावाच्या, पुढे लांब आकडा. तिथेही नियम तोच, बंद-चालू करायच्या आधी फोल्डर कॉपी करा, आणि क्रोमच्या बाबतीत जास्तच घाई करा, कारण त्या फोल्डरमध्ये थोड्याच फायली राहतात आणि पटकन बदलतात. एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर डीफॉल्टऐवजी 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशा फोल्डरमध्ये बघा. एज आणि ब्रेव्ह क्रोमच्याच इंजिनवर आहेत, त्यांच्याही युजर डेटात सेशन्स फोल्डर असाच मिळेल.